हातभर युद्धनौका

दिवाळी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्ल्यांतून मातीचे किल्ले उभे राहू लागतात. चार दगड, पाच-सहा पाट्या माती, एखादे जुने गोणपाट आणि वर पेरलेली मोहरी किंवा अळीव, एवढ्या भांडवलावर रायगडही होतो आणि सिंधुदुर्गही. या किल्ल्यांची एक गंमत आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. दरवाजातला मावळा दरवाजापेक्षा उंच असतो. तोफ बुरुजाएवढी असते. महाराजांची मूर्ती तर राजवाड्याच्या दुप्पट. पण त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. किल्ला मापाने नव्हे, भक्तीने बांधायचा असतो.

याच बालपणीच्या हौसेचा एक चुलतभाऊ आहे, आणि तो मात्र मापाचा मोठा काटेकोर आहे. तो म्हणजे प्लास्टिकचे स्केल मॉडेल. खरी वस्तू जेवढी असेल तिच्या बरोबर बहात्तराव्या, साडेतीनशेव्या किंवा सातशेव्या हिश्शाने लहान केलेली प्रतिकृती. येथे मावळा दरवाजापेक्षा उंच असून चालत नाही. विमाने, रणगाडे, मोटारी या सगळ्यांची अशी मॉडेल्स करतात. पण या छंदातले सगळ्यांत चिवट, वेळखाऊ आणि म्हणूनच सगळ्यांत समाधान देणारे काम म्हणजे युद्धनौका. कारण जहाज म्हणजे एक वस्तू नव्हे, तो एक पूर्ण गाव असतो. त्यात जिने असतात, दारे असतात, कठडे, दोरखंड, दिवे, नांगर, होड्या असतात आणि राहणारी माणसेही असतात.

लाकडातून प्लास्टिककडे

जहाजांच्या प्रतिकृती माणूस फार पूर्वीपासून करीत आला. पण त्या लाकडाच्या, आणि कसबी कारागिरांनी केलेल्या. सामान्य घरातल्या मुलाच्या हाती हे काम आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकमुळे. पोलादी साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबाने भरले की जहाजाचा प्रत्येक भाग हुबेहूब निघतो. इंग्लंडच्या एअरफिक्सने १९५० च्या दशकात लहान जहाजांचे संच स्वस्तात विकायला सुरुवात केली. जपानच्या तामिया कंपनीचा मूळ धंदा लाकडी मॉडेल्सचा. तिने पहिले प्लास्टिक मॉडेल काढले ते १९६० साली, आणि तेही ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेचे. पुढे जपानच्या शिझुओका शहरातल्या चार कंपन्यांनी एकत्र येऊन १/७०० या मापात जहाजांची एक संपूर्ण मालिकाच सुरू केली. जहाजे आपापसांत वाटून घेतली, म्हणजे दोघांनी एकच करायला नको. पाण्याच्या रेघेवर कापलेली, तळ नसलेली ही जहाजे टेबलावर ठेवली की समुद्रात तरंगत असल्यासारखी दिसतात. या मालिकेची सुरुवात झाली ते साल होते १९७१.

१९७१ म्हटले की आपल्याला मात्र दुसरेच काही आठवते.

कोणती बोट करायची?

युद्धनौकेचे मॉडेल करायचे म्हटले की नवशिक्याची नजर मोठ्या जहाजांवर जाते. बिस्मार्क, यामातो, नाहीतर एखादी विमानवाहू नौका. पण २६३ मीटर लांबीची यामातो १/३५० मापातही पाऊण मीटर भरते आणि तिच्यावरच्या लहानमोठ्या भागांची संख्या शेकड्यांत जाते. अर्ध्यावर सोडून माळ्यावर गेलेले खोके ही या छंदातली सगळ्यांत सामान्य गोष्ट आहे. म्हणून पहिले जहाज लहान असावे, आणि शक्यतो आपल्याला ज्याच्याविषयी काही वाटते असे असावे.

माझ्या मते आपल्या भागातल्या माणसाला त्यासाठी ओसा वर्गाच्या क्षेपणास्त्र बोटीसारखे दुसरे जहाज नाही. सोव्हिएत रशियात बांधलेली ही बोट अवघी ३८.६ मीटर लांब आणि साडेसात मीटरच्या आसपास रुंद. मेरिट या कंपनीने ओसा-१ चा संच १/७२ मापात काढलेला आहे. त्या मापात बोट भरते सुमारे ५३ सेंटिमीटर लांब आणि साडेदहा सेंटिमीटर रुंद. म्हणजे हातभर. टेबलावर मावते, शोकेसमध्ये बसते, आणि बारकावे डोळ्यांना दिसतील एवढी मोठीही असते.

आणि या बोटीचा इतिहास काय सांगावा! भारताने अशा आठ बोटी घेतल्या. खलाशांचे प्रशिक्षण रशियात व्लादिवोस्तोकला झाले. १९७१ च्या सुरुवातीला या बोटी मालवाहू जहाजांवर लादून कोलकात्याला आल्या, कारण एवढे वजन उचलणारी यारी तेथे होती. आणि तेथून ओढत ओढत मुंबईला नेण्यात आल्या. बंदराचे रक्षण करणे हे त्यांचे मूळ काम. लांबचा प्रवास त्यांच्या प्रकृतीला मानवणारा नव्हता. पण ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी किल्तान आणि कच्छल या नौकांच्या सोबतीने थेट कराचीवर चालून गेल्या. तुकडीचे प्रमुख कमांडर बब्रुभान यादव निपातवर होते. खलाशी आपसांत बिनतारी संदेश रशियन भाषेत देत होते, म्हणजे ऐकणाऱ्याला अंदाज येऊ नये. त्या रात्री निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली, वीरने ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. चार दिवसांनी विनाश या बोटीने पुन्हा कराचीवर मारा केला आणि केमाडीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. ४ डिसेंबर हा नौदल दिन आपण पाळतो तो याच रात्रीमुळे.

कारवारला जाऊन या

मॉडेल करणाऱ्याला चित्रे आणि नकाशे पुरत नाहीत. खरी वस्तू डोळ्यांनी पाहायला मिळाली तर सोन्याहून पिवळे. आणि येथे आपले भाग्य थोर. आपल्या जिल्ह्यातून घाट उतरले की कारवार. तेथे रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर आय. एन. एस. चपळ ही ओसा वर्गाची खरीखुरी बोट २००६ सालापासून वाळूवर, संग्रहालय म्हणून उभी आहे. मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलेल्या आपल्यातल्या अनेकांनी तिच्यापुढे उभे राहून फोटोही काढून घेतले असतील.

पण येथेच मॉडेल करणाऱ्याची पहिली परीक्षा आहे. ‘हीच ती कराचीवर गेलेली बोट’ असे किनाऱ्यावर सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. चपळ नौदलात दाखल झाली १९७६ साली आणि निवृत्त झाली २००५ साली. १९७१ च्या युद्धात ती असणे शक्यच नव्हते. ती ओसा-२ या पुढच्या आवृत्तीची, म्हणजे कराचीवर गेलेल्या बोटींची धाकटी बहीण.

हा फरक नुसता कागदावरचा नाही, डोळ्यांना दिसतो. ओसा-१ वर क्षेपणास्त्रे ठेवायला चार मोठ्या पेट्या आहेत. बाजू सपाट, एखाद्या छोट्या शेडसारख्या. ओसा-२ वर त्याच जागी लांब गोल नळकांडी आहेत. असे का? कारण पहिल्या पी-१५ क्षेपणास्त्राचे पंख आखडत नसत. पसरलेल्या पंखांसकट क्षेपणास्त्र आत मावायचे तर पेटी ऐसपैस हवी. पुढच्या आवृत्तीच्या क्षेपणास्त्राचे पंख मिटू लागले आणि पेटीचे नळकांडे झाले. कारवारला जाल तेव्हा ही नळकांडी पाहा. ती पाहून जर घरी निपात करायला घेतली आणि तिच्यावर गोल नळकांडी चिकटवली, तर ती ना निपात झाली ना चपळ.

मग कारवारला जाऊन उपयोग काय? पुष्कळ आहे. लोखंडी पत्र्यावरचे सांधे कसे दिसतात, कठड्याच्या खांबांमध्ये किती अंतर असते, दार किती बुटके आणि त्याचा उंबरठा किती उंच, अंड्याच्या आकाराचा तोफेचा घुमट डेकवर कसा बसवला आहे, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा तेथे पाच मिनिटांत कळते. फोटो काढताना पोरांना शेजारी उभे करून काढा. नंतर मापाचा अंदाज घ्यायला पोरांची उंची कामी येते.

मापाचे गणित

या छंदात सातवीचे गणित रोज लागते. १/७२ म्हणजे खऱ्या बोटीवरचे ७२ सेंटिमीटर येथे एक सेंटिमीटर. पाच फूट सात इंचांचा खलाशी साडेतेवीस मिलिमीटर उंच होतो. एक मीटरचा कठडा चौदा मिलिमीटरचा. सहा मीटरच्या आसपासचे क्षेपणास्त्र आठ सेंटिमीटरचे. येथवर ठीक. पण कठड्याची आठ मिलिमीटर जाडीची तार ०.११ मिलिमीटर होते, आपल्या केसापेक्षा थोडीच जाड. साच्यातून निघालेले प्लास्टिक एवढे बारीक होऊ शकत नाही. उलट, संचातला एक मिलिमीटर जाडीचा पत्रा खऱ्या बोटीवर सात सेंटिमीटर जाडीचा ठरतो. म्हणून जाणकार लोक कठडे, शिड्या, रडारची जाळी हे भाग पितळेच्या पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेले वेगळे विकत घेतात. ज्यांना तो खर्च नको त्यांनी तांब्याची बारीक तार वापरावी. जुन्या मोटारीच्या वायरमध्ये ती हवी तेवढी सापडते.

मापाचे हे गणित कधीकधी इतिहासही शिकवते. बुडालेली ‘खैबर’ सुमारे साडेएकशे पंधरा मीटर लांब होती. तिचेही मॉडेल १/७२ मध्ये केले तर ते एक मीटर साठ सेंटिमीटर भरेल. घरातल्या टेबलावर मावणार नाही. हातभर निपात आणि टेबलाबाहेर गेलेली खैबर शेजारी शेजारी कल्पनेत ठेवून पाहा, म्हणजे त्या रात्री काय घडले ते पानभर वर्णनापेक्षा लवकर कळते. शे-दोनशे टनांच्या बोटीने तिच्या दहापट मोठ्या जहाजाला, ते नजरेच्या टप्प्यातही नसताना, गाठले होते.

खोका उघडल्यावर

आता प्रत्यक्ष कामाकडे. खोका उघडला की जाळीसारख्या चौकटींना लटकलेले शेकडो तुकडे दिसतात आणि छातीत धस्स होते. घाबरू नये. पहिल्या दिवशी काहीच जोडायचे नाही. सूचनापत्र दोनदा वाचायचे, प्रत्येक चौकट कोणत्या अक्षराची ते पाहायचे, आणि सगळ्या चौकटी कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून धुऊन वाळवायच्या. साच्यातून सुटून यावे म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही.

हत्यारे फार लागत नाहीत. एक चांगला बारीक कटर, एक साइड कटर, टोकदार चिमटा, लहान कानस, आणि चारशे, सहाशे व हजार नंबरचा पॉलिश पेपर. चिकटवायला दोन गोष्टी. प्लास्टिक प्लास्टिकला जोडायला मॉडेलचे पातळ सिमेंट. हे खरे तर गोंद नव्हेच. ते दोन्ही कडा विरघळवते आणि त्या एकमेकींत मिसळून एकजीव होतात. म्हणूनच ते थेंबाथेंबाने वापरायचे. पितळ किंवा तार जोडायला मात्र फेविक्विकसारखा गोंद हवा, कारण सिमेंट धातूला विरघळवू शकत नाही.

तुकडा चौकटीतून पिरगळून तोडू नये. साइड कटरने थोडा लांबून कापावा आणि उरलेला देठ कटरने व पॉलिश पेपरने साफ करावा. प्रत्येक तुकडा आधी कोरडाच बसवून पाहावा. बसला की मगच सिमेंट. हा एक नियम पाळला तर निम्मी कटकट वाचते.

बोटीचा सांगाडा ही पहिली पायरी. संचात तो दोन अर्ध्या भागांत आला असेल तर आतून प्लास्टिकच्या पट्ट्या आडव्या टाकून तो ताठ करावा. सांध्यावर राहिलेली फट भरायला लांबी लावावी. सुतार लाकडाला भरतो तीच कल्पना, फक्त ही मॉडेलची बारीक लांबी. वाळली की पाणी लावून पॉलिश पेपरने घासायची. बोटाने चाचपून पाहावे. डोळ्याला न दिसणारी फट बोटाला लगेच लागते.

यानंतर डेकवरच्या वस्तू वेगवेगळ्या गटांत जोडून ठेवाव्यात. चालकाची खोली एक, डोलकाठी आणि तिच्या माथ्यावरचे रडार दुसरा गट, पुढचा आणि मागचा तोफेचा घुमट हे आणखी दोन, क्षेपणास्त्रांच्या चार पेट्या शेवटी. सगळे एकदम चिकटवले तर मधल्या कोपऱ्यांत रंगाचा ब्रश जाणार कुठून?

तोफेच्या नळ्या हा या बोटीचा नाजूक भाग. दोन घुमट, प्रत्येकात तीस मिलिमीटरच्या दोन नळ्या. १/७२ मध्ये नळीचे तोंड ०.४ मिलिमीटरचे होते. इंजेक्शनची नवी कोरी बारीक सुई टोक कापून वापरली तर पोकळ तोंडाची नळी आयती मिळते. हे काम मोठ्या माणसाने करावे आणि कापलेले टोक जपून टाकावे.

संदेशवहनाच्या तारांसाठी एक जुनी युक्ती आहे. रिकाम्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवत धरायचा. मऊ पडला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोके सावकाश ओढायची. केसाहून बारीक तार तयार होते. घरातल्या मुलांना हा प्रकार जादूसारखा वाटतो आणि मग निम्म्या चौकटी तारा ओढण्यातच संपतात.

रंग आणि गंज

रंगकामाचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रायमरचा एक पातळ हात. त्यावर राहिलेल्या खोडी लगेच दिसतात. मग तळाचा लालसर रंग, मग वरचा करडा. पाण्याची रेघ सरळ यायला हवी. त्यासाठी बोट टेबलावर अगदी समपातळीत बसवावी, हव्या त्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधावी आणि ठोकळा टेबलावरून बोटीभोवती फिरवावा. रेघ आपोआप समपातळीत उमटते. त्या रेघेवर मास्किंग टेप लावून रंग द्यावा.

एअरब्रश असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. मऊ ब्रशने, पातळ केलेल्या ॲक्रिलिक रंगाचे तीन-चार हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला, तर काम सुरेख होते. एक जाड हात मात्र सगळे बारकावे गिळून टाकतो. आणि आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात चकचकीत वार्निश देण्याचा मोह टाळावा. दमट हवेत ते पांढुरके पडते. जुलै-ऑगस्टमध्ये जोडणी करावी आणि रंग दसऱ्यानंतर काढावा. आपले हवामानच वेळापत्रक आखून देते.

रंगानंतर येतो तो भाग सगळ्या नवशिक्यांना फार आवडतो. बोट जुनी दाखवणे. समुद्रात राहणारे जहाज कोरे करकरीत नसते. कोपऱ्यांत मळ साचतो, नांगराच्या भोकाखाली गंजाचे ओघळ उतरतात. पातळ तपकिरी रंग सांध्यांतून सोडून वरचा पुसून घेतला की ते सगळे येते. पण हौसेच्या भरात लोक वरच्या खोल्या आणि डोलकाठीही गंजवून टाकतात. ओसा बोटीचा सांगाडा पोलादी आहे, पण वरचे बांधकाम वजन कमी राहावे म्हणून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यांना विचारा! तेव्हा गंज खाली, वर फक्त मळ, मिठाचे पांढरे डाग आणि धूर.

झेंडा कोणता?

सगळ्यांत शेवटी मागच्या काठीवर नौदलाचा झेंडा चढतो. आणि येथे मराठी माणसाचा जीव अडकतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली त्या दिवशी नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यावरचा निळा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. आपल्या हातांनी केलेल्या युद्धनौकेवर तो ध्वज फडकावा असे कुणाला वाटणार नाही?

पण निपातवर तो चढवता येत नाही. १९७१ साली नौदलाचा ध्वज पांढरा होता, त्यावर आडवा-उभा तांबडा क्रूस होता आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा. इंग्रजी वळणाचा तो ध्वज आपल्याला आज परका वाटेल, पण त्या रात्री कराचीवर गेलेल्या माणसांचा ध्वज तोच होता. क्रूस निघाला तो २००१ च्या स्वातंत्र्यदिनी. त्या जागी आलेले निळे बोधचिन्ह आभाळात आणि समुद्रात मिसळून जाते म्हणून २००४ साली क्रूस परत आला, मध्यभागी अशोकस्तंभासह. २०१४ साली त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आले. आणि मग २०२२ चा ध्वज. म्हणजे कारवारच्या चपळने एकटीने आपल्या सेवेत तीन ध्वज पाहिले. तिचे मॉडेल करायचे तर साल कोणते हे ठरवल्याशिवाय काठीवर काहीच चढवता येणार नाही.

महाराजांचा मान राखायचा म्हणजे त्यांची मुद्रा कुठेही डकवायची असे नाही. ज्यांनी आरमाराचे महत्त्व ओळखले, त्यांच्या नावाने काम करायचे तर ते चोख असावे, एवढे पुरे. ज्यांना तो अष्टकोन हवाच असेल त्यांनी नव्या विक्रांतसारखी आजच्या नौदलातली एखादी नौका करावी. तेथे तो शोभतोही आणि खराही ठरतो.

बोटीचे नाव, क्रमांक यांचेही असेच. खोक्यात भारतीय क्रमांक मिळतीलच असे धरून चालू नये. निपातचा के-८६, निर्घातचा के-८९, वीरचा के-८२. पारदर्शक डिकल कागदावर ते छापून घेता येतात. कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवून, चकचकीत वार्निश दिलेल्या जागेवर सरकवून बसवायचे, कापसाने दाबायचे आणि शेवटी वरून मंद वार्निश द्यायचे.

घरातल्या माणसांसाठी दोन शब्द

हा छंद एकट्याचा नाही, कारण जेवणाचे टेबल सगळ्यांचे असते. प्रायमर आणि सिमेंटचा वास डोक्यात जातो, तेव्हा खिडकी उघडी हवी. घासकामाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून ओले घासावे किंवा मास्क लावावा. कटर मुलांच्या हाती देऊ नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पॉलिश पेपर, चिमटा आणि ब्रश द्यावा. तेवढ्यात तो रमतो. संच परदेशी असल्याने स्वस्त नसतो. पण एका संचावर सहा-आठ महिन्यांच्या संध्याकाळी सहज जातात हे लक्षात घेतले तर हिशेब इतका वाईट नाही. तयार बोटीला काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी करून घ्यावी, नाहीतर घर झाडणाऱ्याच्या फडक्यात पहिल्याच आठवड्यात कठडे येतात! उन्हात आणि बंद मोटारीत ती ठेवू नये, प्लास्टिक वाकते.

शेजारचा सातवीतला मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन बसतो. एकदा त्याने विचारले, “काका, बोटीत माणसे किती असायची?” मी म्हटले, “तीसेक.” तो काही वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “आणि जी बुडवली तिच्यात?” खैबरवरची दोनशेहून अधिक माणसे गेली, हे त्याला सांगणे सोपे नव्हते. पण सांगितले. आणि त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ आपली ‘खुकरी’ पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, हेही सांगितले. दीवला त्यांचे स्मारक आहे. तेथे काचेच्या पेटीत ठेवले आहे खुकरीचे मॉडेलच. त्या दिवसापासून तो मुलगा खलाशांच्या साडेतेवीस मिलिमीटरच्या पुतळ्यांना ‘ही माणसे’ म्हणतो, ‘हे तुकडे’ म्हणत नाही.

जहाजे दगडी किल्ल्यांसारखी टिकत नाहीत. जुनी विक्रांत १९६१ ते १९९७ नौदलात होती, त्यानंतर मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली. लाखो मुलांनी तिच्या डेकवर पाय ठेवला. तिला वाचवण्यासाठी लोक न्यायालयापर्यंत गेले, पण २०१४ साली ती मोडीत निघाली. चपळसारखी एखादी बोट किनाऱ्यावर उभी राहते, तिलाही खारे वारे खातातच. अशा वेळी कुठल्यातरी घरातल्या शोकेसमध्ये मापात केलेले, तारखेला धरून रंगवलेले एखादे मॉडेल असणे ही लहान गोष्ट नाही. मात्र ते खरे असले पाहिजे. चुकीच्या पेट्या आणि चुकीचा झेंडा लावलेली बोट पुढच्या पिढीला चुकीचेच सांगत राहील, आणि सुंदर दिसत असल्यामुळे लोकांना ते पटेलही.

म्हणून बोट पुरी झाली की लाकडी पाटावर बसवून समोर एक लहानशी पट्टी लावावी. त्यावर बोटीचे नाव, माप, आणि कोणत्या दिवशीची बोट दाखवली आहे ती तारीख. बनवणाऱ्याचे नाव पाटाच्या खालच्या बाजूला लिहिले तरी चालते.